‘इतर’ रकान्यातली तक्रार

निबिया एचार्त वृद्धाश्रमांच्या तक्रारींवर आली ती थेट स्मशानातून. म्हणजे दफनभूमी विभागातून. तिथं तिनं अकरा वर्षं काढली होती. कुणाच्या आईच्या थडग्यावर शेजारच्यांची वेल चढलेली, कुणाच्या नवऱ्याचं नाव दगडावर चुकीचं कोरलेलं, कुणाच्या काकांच्या डोक्याशी भलत्याच माणसानं फुलं ठेवलेली. बदली झाल्यावर पहिल्याच आठवड्यात ती एबेर पिरिसला, म्हणजे तिच्या साहेबाला, म्हणाली, “काम तेच आहे की रे. ज्याचं दुखतंय तो गप्प, आणि बोंबलतात ते नातेवाईक.” एबेरला इतकं हसू आलं की नळीतून ओढलेला माटे त्याच्या नाकात गेला.

माटे ओतायचं काम एबेरचं. वाळक्या भोपळ्याची वाटी, तीत दाबून भरलेला येर्बाचा हिरवा पाला, चांदीची नळी आणि काखेत थर्मास. तो बोलत बोलत गरम पाणी ओतणार, वाटी निबियाला देणार, ती ओढून परत करणार, मग तो पुन्हा ओतणार. नऊ वर्षांत निबियानं त्याच्या थर्मासला एकदाही बोट लावलं नव्हतं. थर्मास ज्याचा, ओतणं त्याचं. आपण हात पुढे करायचा तो फक्त वाटीसाठी, आणि तोही तिनं आपल्याकडे यायचं ठरवल्यावर.

गाव उरुग्वे नदीच्या काठी. संत्र्यांच्या बागा, एक बंद पडलेला मांस डबाबंद करायचा कारखाना, आणि चौदा वृद्धाश्रम. पोरं सगळी मोंतेविदेओला, नाहीतर त्याच्याही पलीकडे. मागं उरलेल्या आयाबापांचं काय करायचं, याचं उत्तर या चौदा घरांत होतं, आणि ते उत्तर कसं चाललंय हे निबियाच्या फोनवर यायचं.

तिचा कान तल्लख होता. पहिल्या दोन शब्दांत तिला कळायचं की पलीकडे कोण आहे. “नमस्कार, मी मोंतेविदेओहून बोलतेय” असं सुरू झालं की ती मुलगी असायची, वर्षातून दोनदा येणारी. जणू तक्रार तिची नाही, अख्ख्या राजधानीची आहे. “पप्पांचा निळा स्वेटर दुसऱ्याच माणसाच्या अंगात आहे. फोटोत दिसतंय ना. मी आले नव्हते हो, मला कुठं जमतंय, पण फोटोत अगदी स्पष्ट दिसतंय.” मग एक कुजबुज असायची, भिंतीपलीकडची शेजारीण: “माझं नाव लिहू नका हं. आडनावही नको. तसं हिरव्या दाराचं घर म्हटलं तरी त्यांना कळेल, तेव्हा दारही नको.” एक मुलगा तर दर महिन्याला तक्रार करायचा की आईला तिथं फार आनंदात ठेवतात, यात काहीतरी काळंबेरं आहे.

आणि मग चालवणाऱ्या बायका. त्या सगळ्या गोड. त्यातही ‘ला सेरेना’ची मारिसेल रोचा अशी गोड, की तिचा फोन ठेवल्यावर निबिया हात धुऊन यायची. “निबिया, राणी गं, तू कशी आहेस? गुडघा काय म्हणतो? मी तुझीच आठवण काढत होते. बरं, ते सूप पातळ असल्याची तक्रार आली म्हणे. अगं, दात नाहीत गं त्यांना. घट्ट सूप कुठं चावणार बिचारे?” निबिया हे सगळे आवाज नाक चिमटीत धरून एबेरला काढून दाखवायची. मारिसेलची नक्कल तिला इतकी जमायची की एबेर हसता हसता दचकून दाराकडे बघायचा.

टेबलावर तीन शिक्के होते. ‘खरी’, ‘आढळली नाही’, ‘मागे घेतली’. शेवटच्या दोन्हींची लाकडी मूठ हात लागून लागून काळी पडली होती. पहिल्याची अजून दुकानातल्यासारखी पिवळी होती.

मार्चमध्ये, म्हणजे तिकडचा उन्हाळा सरता सरता, एक वेगळाच आवाज आला.

“नमस्कार. आल्सिरा बेंतान्कोर. ला सेरेना, खोली चार, खिडकीकडची खाट. वय चौऱ्याऐंशी. तक्रार नोंदवायची आहे. पेन घेतलंय का हातात?”

“घेतलंय, बोला.”

“नाही घेतलं. आवाज आला नाही उचलल्याचा. घ्या.”

निबियानं गुपचूप पेन उचललं. ही बाई गावच्या टेलिफोन कचेरीत एकतीस वर्षं तारा जोडत बसलेली होती, हे तिनं पुढच्या मिनिटात स्वतःच सांगितलं. फुशारकी म्हणून नाही. लिहून घेणाऱ्याला स्पेलिंग विचारायची गरज पडणार नाही, एवढं कळावं म्हणून.

“दुपारी चारनंतर आम्हाला प्यायला काही देत नाहीत. आठ जणांपैकी कुणालाच नाही. सकाळी सातपर्यंत. रात्रीला माणशी एकच डायपर ठरवलाय, तो भरू नये म्हणून. पाणीच गेलं नाही तर भरणार कुठून. हिशोब सोपा आहे.”

“आणि संध्याकाळचा माटे?”

पलीकडून एक बारीक आवाज आला, जीभ टाळूला चिकटून सुटावी तसा.

“मी काय सांगितलं? काही देत नाहीत. आता लिहा.”

चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला संध्याकाळचा माटे नाही. या गावात घर जप्त करायला आलेल्या बेलिफालाही लोक आधी माटे देतात, मग रडतात.

ती फॉर्म भरायला लागली. फॉर्मवर रकाने होते: जेवण, स्वच्छता, वागणूक, इमारत. तहान कशात घालायची? जेवणात घातली तर मारिसेल आठवड्याचा जेवणाचा तक्ता घेऊन येणार. वागणुकीत घातली तर कुणी हात उगारला का, हे विचारणार. शेवटी तिनं ‘इतर’मध्ये लिहिली. ‘इतर’चा रकाना दोन बोटं रुंद होता. अक्षरं बारीक करत करत तिनं सगळं बसवलं.

आता पाहणी. पाहणीचं पत्र दोन दिवस आधी द्यायचा नियम, चालवणारीला हजर राहता यावं म्हणून. चारनंतर जायचं तर कचेरी चारलाच बंद होते, तेव्हा एबेरची परवानगी हवी. एबेर म्हणाला, “पाचपर्यंतच हं. पाचनंतर तुझ्या पायावर वीट पडली तरी ती कचेरीची वीट नाही.”

सव्वाचारला ती ला सेरेनात पोचली. मारिसेल दारातच. “ये गं राणी. अरे देवा, केस कापलेस? दहा वर्षांनी लहान दिसतेस. दोन्या आल्सिराची मात्र चुकामूक झाली बघ. सकाळपासून बीपी वर, तिला दवाखान्यात पाठवावं लागलं. मी म्हटलं, आधी जीव, मग बाकीचं.” म्हाताऱ्या बाईला मान द्यायचा तर इथं नावाआधी ‘दोन्या’ लावतात.

काचेच्या पडवीत सात जण अर्धगोलात बसले होते. अंगावर धुतलेले स्वेटर, केसांना पाणी लावून भांग. आणि प्रत्येकाच्या काखेत थर्मास, हातात माटेची वाटी. वाटीत येर्बाचा पाला हिरवागार, वरपर्यंत भरलेला, नळ्या लखलखीत घासलेल्या. निबियाला एकदम हलकं वाटलं. म्हणजे तिला आल्सिराची काळजी वाटत होती, पण इतकं उघड खोटं कुणी मांडून ठेवेल हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

ती खुर्ची ओढून बसली. मारिसेल शेजारीच, हातावर हात ठेवून.

“प्यायला मिळतं ना वेळच्या वेळी?”

“मिळतं,” ओलिंदा नावाची बाई म्हणाली, मारिसेलकडे बघत.

“संध्याकाळीसुद्धा?”

“मिळतं.”

सिरियाको, नदीवर चाळीस वर्षं मालवाहू बार्ज चालवलेला, मोठ्या हातांचा म्हातारा, तिच्याकडे बघत होता. मग त्यानं काखेतल्या थर्मासकडे बघितलं. मग पुन्हा तिच्याकडे.

“थर्मास चांगले आहेत,” तो म्हणाला.

“हे बघ आमचे सिरियाको,” मारिसेल हसली, “यांना भांड्यांचं फार कौतुक.”

निबिया तिथं चाळीस मिनिटं बसली. बिछाने बघितले, मोरीत वास घेतला, डायपरचे खोके मोजले. खोके भरपूर होते. पुन्हा पडवीत येऊन बसली. त्या सगळ्या वेळात एकानंही तिला माटे दिला नाही. तिला थोडं लागलं. कचेरीची बाई म्हणून राग असेल, तिनं मनात म्हटलं. या लोकांची जिभेची चव तर गेलीच, आता रीतभातही गेली. आणि ती ते गिळून उठली, कारण माटे मागून घ्यायचा नसतो.

अहवालात तिनं लिहिलं: “पाहणीच्या वेळी, दुपारी सव्वाचार ते पाच, उपस्थित सर्व सात रहिवाशांजवळ पेयाची व्यवस्था दिसून आली.” खाली शिक्का. काळ्या मुठीचा.

दोन दिवसांनी फोन आला.

“आल्सिरा बेंतान्कोर. तुमचं पत्र मिळालं. ‘आढळली नाही.’ ”

“दोन्या आल्सिरा, मी स्वतः बघून आले. सगळ्यांकडे थर्मास होते. माटे होते.”

“एक विचारते. चाळीस मिनिटं होतीस म्हणे. सात थर्मास होते. कुणी तुला दिला?”

निबियानं अहवालाची प्रत पुढ्यात ओढली.

“सात माणसं, पोरी. ओलिंदाच्या नवऱ्याला ज्यानं गाडीखाली घेतलं त्या ड्रायव्हरला तिनं कोर्टाच्या पायरीवर माटे दिला होता. आणि तुला नाही दिला. का नाही दिला असेल?”

टेबलाशी पलीकडे एबेर ओतत होता. पाण्याचा तो बारीक आवाज निबियाला ऐकू आला. सिरियाको तिला चाळीस मिनिटं सांगत होता. डोळ्यांनी. थर्मासकडे, मग तिच्याकडे. सगळे सांगत होते. पाहुण्याला वाटी द्यायला पाणी नाही, हे तोंडानं कोण म्हणेल? आणि शेजारी मारिसेल.

“रिकामे होते,” ती म्हणाली.

“चार वाजता येऊन ओतून नेते मारिसेलची कामवाली मुलगी. पाला मात्र ताजा घालते, तुमच्यासाठी. एक उचलला असतास हातानं तरी वजनावरून कळलं असतं.”

“दुसऱ्याचा थर्मास कसा उचलणार हो?”

“तेच तर,” आल्सिरा म्हणाली. “मारिसेललाही ते ठाऊक आहे. उगाच का ती पाणी भरून ठेवेल?”

निबिया त्याच दुपारी एबेरच्या समोर जाऊन उभी राहिली. “माझा अहवाल चुकला. मला बदलायचाय.”

“सही झालीय?”

“झालीय.”

“मग तो चुकलेला नाही, तो झालेला आहे. बदलायला नवी पाहणी हवी. नव्या पाहणीला पत्र हवं. दोन दिवस आधी.”

“एबेर, ती पुन्हा तेच मांडून ठेवेल.”

“या वेळी उचल ना थर्मास.”

“या वेळी ती भरून ठेवेल.”

एबेर वाटीत बघत बसला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला नियम पाठ होते, एवढंच. शेवटी त्याला एक सापडला. तक्रार करणारानं दहा दिवसांत सहीनिशी हरकत घेतली, तर प्रकरण मोंतेविदेओला जातं. तिथून डॉक्टर येतो, न सांगता येतो, आणि तो रक्त काढून बघतो. रक्ताला खोटं मांडून ठेवता येत नाही. निबियानं त्याच्या टकलावर ओठ टेकवले.

हरकतीचा कागद आल्सिराचा भाचा दार्दो घेऊन गेला. तो गॅसच्या सिलिंडरांचा ट्रक चालवायचा. कचेरीसमोर इंजिन चालूच ठेवून तो खिडकीतून बोलला. “मावशी सांगते ते मला खरं वाटतं बाई. पण माझं घर म्हणजे दोन खोल्या आणि जिना. तिथून काढलं तर मी तिला ठेवू कुठं? सिलिंडरांत?” रविवारी तो सही घेऊन आला. सही सरळ होती, अक्षरं टपालाच्या पाकिटावर घालावीत तशी.

मोंतेविदेओहून उलट निरोप आला: जीप मिळाली की डॉक्टर येईल, तेवीस दिवसांत. निबियानं भिंतीवरच्या कॅलेंडरवर बारीक टिंब काढलं. तेवीस दिवस आल्सिरानं टिकायचं आणि हरकत टिकवायची, बस. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिला पिवळ्या मुठीचा शिक्का उचलून बघावासा वाटला.

पण हरकतीची एक प्रत आश्रमालाही पाठवायची असते, पाच दिवसांत. ज्याच्यावर आरोप, त्याला कळलं पाहिजे. निबियानं ती प्रत गठ्ठ्याच्या तळाशी घातली. चौथ्या दिवशी वरचे कागद काढून पुन्हा तळाशी घातली. पाचव्या दिवशी सकाळी गठ्ठा सरळ लावलेला होता आणि प्रत नव्हती.

“मी पाठवली,” एबेर म्हणाला. त्यानं तिच्याकडे बघितलं नाही. “नाहीतर मारिसेलचा वकील अख्खं प्रकरणच उडवेल. तुझ्यासाठीच पाठवली.”

दुपारी फोन.

“निबिया, राणी गं, तुमचा कागद मिळाला. मी जरासुद्धा रागावले नाहीये हं, तू मनाला लावून घेऊ नकोस. पण आता बघ, थर्मासबद्दल चौकशी चालू आहे म्हटल्यावर ते थर्मास म्हणजे पुरावा झाले की नाही? पुराव्याला कुणी हात कसा लावणार? उद्या काही कमीजास्त झालं तर तुम्हीच मला विचाराल. म्हणून सगळे थर्मास, वाट्या, नळ्या कपाटात घालून कुलूप लावलंय. चौकशी होईस्तोवर. किल्ली माझ्या गळ्यात आहे बघ, मी कुठं जात नाही.”

“पण सकाळचा माटे? तो तर मिळायचा ना त्यांना?”

“मिळायचा ना. मीही तेच म्हणते. काय करणार, कायदा तुमचा.”

फोन ठेवल्यावर निबियाला तिची नक्कल करावीशी वाटली नाही. ती एबेरकडे गेली. थर्मास परत द्या असा हुकूम काढता येईल? एबेरनं वही उलटली, पालटली. पुरावा जपल्याबद्दल कुणाला दंड करायचा नियम त्याला सापडला नाही. निबियानं मोंतेविदेओला पत्र लिहिलं, मग तार केल्यासारखं छोटं पत्र लिहिलं, मग फोन केला. पलीकडची बाई म्हणाली की जीप मेकॅनिककडे आहे, पण तेवीस दिवसांत होईल काम, नाही झालं तर कळवू.

आल्सिरा दर दोनतीन दिवसांनी मोरीत दडून मोबाईलवरून फोन करायची. निबियाला आता तिच्या बोलण्यापेक्षा बोलण्यामधल्या जागा ऐकू यायच्या. जीभ सुटायचा तो आवाज. आधी वाक्यात एकदा. मग दोनदा.

“सिरियाको माझ्याशी बोलत नाही.”

“बोलेल, दोन्या आल्सिरा.”

“ओलिंदानं जेवताना माझी खुर्ची भिंतीकडे फिरवली. म्हणाली, आली आमची टेलिफोन कचेरी. आता लावून दे म्हणावं फोन राष्ट्राध्यक्षाला. सगळे हसले. मीही हसले असते, चांगलं होतं वाक्य.”

“अजून चौदा दिवस.”

“मला आकडे येतात.”

पुढच्या फोनला ती म्हणाली, “काल सिरियाको कपाटासमोर उभा होता. अर्धा तास. हात असा, थर्मास धरल्यासारखा. त्याला वाटतं तो बोटीवर आहे, आणि सुकाणू मी घेतलंय.” मग तिनं आवाज खाली आणला. “पोरी, मागे घ्यायचा कागद घेऊन ये. उद्या.”

“अजून बारा दिवस आहेत. फक्त बारा.”

“ते तू ये आणि इथं काढ.”

निबिया तो कागद घेऊन गेली, पण भरायचा नाही असं ठरवूनच गेली. दुपारी तीन वाजता गेली, चारच्या आत. रस्ताभर तिनं काय बोलायचं ते घोकलं. रक्त काढतील, रक्तात सगळं येईल, तुम्ही एकट्या नाही, मी आहे. घोकताना ते तिला मोंतेविदेओहून बोलणाऱ्या मुलींसारखं वाटायला लागलं, तेव्हा तिनं घोकणं सोडून दिलं.

पडवीत सगळे आठ जण होते. हात मांडीवर. ज्यांना हातात काहीतरी धरायची सत्तर वर्षांची सवय, त्यांचे हात मोकळे असले की ते कुठं ठेवावेत ते कळत नाही. कुणाचे बटणाशी चाळा करत होते, कुणाचे नुसते वर तोंड करून पडले होते. आल्सिराची खुर्ची भिंतीकडे होती. निबियानं ती फिरवायला हात लावला, तर आल्सिरा म्हणाली, “राहू दे. तूही इकडे ये.” तेव्हा निबिया भिंतीला पाठ टेकून तिच्यासमोर बसली. तिच्या ओठांना पापुद्रे सुटले होते. हाताच्या पाठीवरची कातडी कुणीतरी चिमटीत धरून सोडून द्यावी तशी उभी राहिली होती.

मारिसेल आत आली. तिच्या काखेत तिचा स्वतःचा थर्मास होता, पाण्यानं जड. ती उभ्यानंच ओतायला लागली. पहिली वाटी तिनं निबियापुढे धरली.

“घे गं राणी. उन्हातून आलीस.”

आठ जणांचे डोळे वाटीकडे गेले. निबियाला वाटलं, नको म्हणावं. ओतून द्यावा तिच्या चपलेवर. पण नको म्हणणं म्हणजे भांडण, आणि भांडणाचं बिल इथंच फाडलं जाणार, आज रात्री, याच पडवीत. तिनं वाटी घेतली. नळी ओठांत धरली. पाणी गरम होतं, पाला कडू आणि ताजा. ती ओढत होती तेव्हा कुणीच हललं नाही. ओलिंदानं गिळल्यासारखं केलं.

तिनं वाटी परत दिली आणि म्हणाली, “मला तक्रारदाराशी एकटीनं बोलायचंय. नियम आहे.”

“असणारच,” मारिसेल म्हणाली, आणि बाकीच्यांना आत पाठवून काचेच्या दारापलीकडे जाऊन उभी राहिली. दार काचेचं होतं.

“दोन्या आल्सिरा, डॉक्टर येईल. हे सगळं सिद्ध होईल. हिला दंड होईल, कदाचित घर बंद पण…”

“बंद झालं की आम्ही कुठं?”

निबियाला त्याचं उत्तर माहीत होतं. रिकाम्या खाटा सगळ्यात जवळ नव्वद किलोमीटरवर होत्या, आणि तिथल्या तक्रारींची फाईल तिच्याच टेबलावर होती.

“जिथं जागा असेल तिथं,” ती म्हणाली.

“म्हणजे एकेक जण एकेका गावी. सिरियाकोला नदी दिसली नाही तर तो आठवडाभरात जाईल. तो माझ्याशी बोलत नाही, ते सोड. त्याला इथून नदी दिसते.”

“मग तहानेनं जायचं?”

“सकाळी सात ते चार भरलेला असायचा थर्मास. आता तोही नाही, नुसतं जेवणाबरोबरचं पेलाभर. ते मी केलं. तक्रार मी केली.”

“तुम्ही नाही. मी. मी त्या दिवशी एक उचलायला हवा होता.”

आल्सिरानं तिच्याकडे नीट बघितलं, तार कुठं जोडायची ते बघावं तशी.

“हो,” ती म्हणाली. “उचलायला हवा होतास.”

निबियाला वाटत होतं ती पुढे काहीतरी म्हणेल. असू दे पोरी, वगैरे. आल्सिरा म्हणाली, “पेन काढ. तू भर, मी सही करते.”

निबियानं कागद मांडीवर घेतला. नाव. वय. तक्रार क्रमांक. मागे घेण्याचं कारण.

“कारण काय लिहू?”

“काय लिहितात इतर लोक?”

“गैरसमज.”

“मग तेच लिही. वेगळं लिहिलं तर कुणीतरी वाचेल.”

तिनं लिहिलं. कागदाच्या खालच्या अंगाला एक ओळ छापलेली होती, ती अधिकाऱ्यानं मोठ्यानं वाचून विचारायची असते. नऊ वर्षांत निबियानं ती शेकडो वेळा फोनवर भरभर वाचली होती. आज तिला ती शब्द शब्द लावून वाचावी लागली.

“आपणांवर कोणी दबाव आणला आहे काय?”

काचेपलीकडे मारिसेल गळ्यातल्या किल्लीशी खेळत होती. आत, जेवणघराच्या दारात, सिरियाको उभा राहून त्या किल्लीकडे बघत होता. त्याच्या मागे ओलिंदा, तिच्या मागे बाकीचे, दुकान उघडायची वाट बघावी तसे.

“नाही,” आल्सिरा म्हणाली. “लिही, नाही.”

निबियानं ‘नाही’ लिहिलं. आल्सिरानं सही केली. या वेळी अक्षरं ओळीखाली घसरली, शेवटचं तर कागदाच्या कडेला गेलं. तिनं पेन परत दिलं आणि खुर्चीच्या हातांवर तळवे टेकले.

“आता ऊठ, पोरी. साडेतीन होऊन गेले. चारपर्यंत पाणी देते ती, आणि तू इथं आहेस तोवर कपाट उघडायची नाही.”

निबिया उठली.